चार वेळा पुकारलेलं लग्न

यंदाची राख जरा ओलीच होती. फादरांनी अंगठ्याने कपाळावर काढलेला क्रूस भुवईपर्यंत उतरला आणि मी तशीच बस पकडून दादरला शाळेत गेले. गेली अठरा वर्षं मी तिथे मराठी शिकवते, आणि गेली अठरा वर्षं राखेच्या बुधवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी रुमाल पुढे करतं, बाई, कपाळाला काहीतरी लागलंय म्हणून. यंदा पाळी नव्याने आलेल्या गणिताच्या बाईंची होती. मी तोंड उघडायच्या आत आमचे शिपाई सावंतमामा म्हणाले, अहो, तो त्यांच्या देवाचा अंगारा आहे, पुसायचा नसतो. मामा मालवणचे. माझ्या धर्माचं इतकं सरळ स्पष्टीकरण मला स्वतःला कधी जमलेलं नाही.

ही राख म्हणजे गेल्या वर्षीच्या झावळ्या. ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्या आशीर्वादित करून घरी आणतात. मग वर्षभर त्या घरच्या आल्टरच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या, मागे खोचलेल्या असतात, धूळ खातात, पाली त्यांच्या आडोशाला संसार थाटतात. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी त्या गोळा करून चर्चच्या आवारात जाळतात. वास सुक्या गवताच्या जाळासारखाच असतो. पण आमच्या खोताच्या वाडीत तो वास आला की मी घरातल्या खिडक्या लावून घेते.

बाहेरच्यांना वाटतं, चाळीस दिवस म्हणजे आम्ही केवढा त्याग करत असू. शुक्रवारी मटण बंद, मासे चालतात. आता गिरगावात राहणाऱ्या माणसाला मासे खायला लावणं ही शिक्षा कशी होईल? मम्मी तर शुक्रवारची वाटच बघते. सुरमईचा तुकडा ताटात वाढताना म्हणते, देवा, हा त्याग गोड मानून घे. खरा त्याग वेगळाच असतो आणि तो काही ठरवून करता येत नाही. चर्चमध्ये फुलं नसतात, कीबोर्ड फक्त सूर धरण्यापुरता वाजतो, आनंदाची गाणी बंद. आणि लग्नं बंद. चाळीस दिवस वाडीत बँड वाजत नाही. म्हणून ईस्टरनंतरच्या आठवड्यांत लग्नांची झुंबड उडते, आणि त्या लग्नांचे बॅन्स मात्र उपवासकाळातच वाचावे लागतात.

बॅन्स म्हणजे लग्नाची पुकार. सलग तीन रविवार मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेच्या, शेवटी वर-वधूची नावं, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण वाचायचं, आणि मग सांगायचं की या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्याने तो धर्मगुरूंना कळवावा, कळवणं त्याचं कर्तव्य आहे. आमच्याकडच्या मराठी मिस्साला वाचन माझ्याकडे असतं. शाळेतली बाई, उच्चार स्वच्छ, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, म्हणून विशीतच ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी कितीतरी जोडप्यांना पुकारलंय. त्यातले दोन-तीन अडथळे मला खरोखर ठाऊक होते, मुलाचं पिणं वगैरे, पण ते अडथळ्यात धरत नाहीत.

सात वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात मी फिलूला पुकारलं.

फिलू म्हणजे फिलोमिना. आमच्यापासून चौथं घर. माझ्याहून एका वर्षाने लहान, चर्चच्या कॉयरमध्ये, गाणाऱ्यांच्या ताफ्यात, कीबोर्ड वाजवायची, आणि रे रोडला एका लाकडाच्या वखारीच्या ऑफिसात हिशेबनीस होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांना कापलेल्या सागाचा वास असायचा. आम्ही लहानपणापासूनच्या मैत्रिणी. वाडीत आमची नावं एका दमात घेत, लूसी-फिलू. आणि मग तिशीच्या आसपास, कधी ते नेमकं सांगता येणार नाही, आम्ही मैत्रिणी राहिलो नाही. म्हणजे मैत्रिणी होतोच, पण त्या शब्दात मावेनासं झालं. चार वर्षं तसं होतं. वाडीत कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. दोन बायका एका छत्रीतून गेल्या तर छत्री एकच असेल असं लोक समजतात.

मी फिलूवर प्रेम करत होते. हे वाक्य लिहायला मला एकेचाळीसावं वर्ष उजाडावं लागलं आणि लिहिल्यावर ते अगदीच साधं दिसतंय.

त्या उपवासकाळाच्या आदल्या वर्षी कोर्टाचा निकाल लागला होता, आमच्यासारख्यांचं प्रेम गुन्हा नाही असा. स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटले नाहीत, पण कुणी नाकही मुरडलं नाही. इतिहासाच्या सरांनी चहा ढवळत, बरं झालं, सुटले बिचारे, एवढंच म्हटलं. मी वह्या तपासत होते. कायद्याने आम्ही सुटलो होतो. पण आम्हाला पोलिसांनी कधी धरलंच नव्हतं. आम्हाला धरलं होतं रविवारच्या मिस्साने, मम्मीच्या जपमाळेने, कपाळावरच्या राखेने, आणि त्यातलं काहीच मला सोडायचं नव्हतं. लोक मला समजावतात, इतका त्रास होतो तर जाऊ नकोस ना चर्चला. त्यांना कसं सांगू, ते माझं घर आहे. घरात भांडण झालं म्हणून कुणी आडनाव बदलतं का?

अँथनीचं स्थळ त्या जानेवारीत आलं. वरळी कोळीवाड्यातला, घरची होडी, स्वतः जहाजाच्या कंपनीत कारकून. फिलू तेहतिशीची झाली होती, तिचे पप्पा अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळले होते, आणि वाडीच्या मते देवच पावला होता. अँथनी चांगला माणूस होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पहिल्यांदा आला तेव्हा फिलूच्या घरी पापलेटं आणलीच, शिवाय लूसीला पण द्या म्हणून दोन वेगळी बांधून आणली. मी ती तळली आणि खाल्ली. राग धरायला कुणीतरी लागतं आणि मला कुणी मिळेना.

फिलूवर जबरदस्ती कुणी केली नाही. तिने मला तोंडावर सांगितलं, मला मूल हवंय, घर हवंय, आणि रविवारी ताठ मानेने मिस्साला जायचंय. तुझ्याबरोबर मला यातलं काय मिळेल ते सांग. मी काय सांगणार होते? मी मराठीची बाई, मला शब्दांची वाण नाही. त्या दिवशी मी नुसता तिच्या केसांतला सागाचा भुसा वेचत राहिले.

पहिल्या पुकारेला मी न अडखळता वाचलं. मला वाटतं तो माझा गर्व होता. नावं वाचली, कोळीवाडा वाचला, अडथळ्याचं वाक्य वाचलं, कागदाची घडी केली आणि जागेवर येऊन बसले. मग रात्रंदिवस ते एकच वाक्य डोक्यात घुमायला लागलं. कळवणं त्याचं कर्तव्य आहे. इतकी वर्षं मी ते लोकांना सांगत होते आणि आता ते मला लागू होत होतं. फिलूला अडवायचं होतं म्हणून, की देवापुढे खोटं पडायचं नव्हतं म्हणून, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या शुक्रवारी क्रुसाची वाट ही उपवासकाळातली प्रार्थना संपल्यावर मी कन्फेशनच्या, फादरांपुढे पापं कबूल करायच्या, रांगेत उभी राहिले.

आमचे तेव्हाचे फादर म्हातारे, मूळचे वसईकडचे, बोलायला मऊ. जाळीपलीकडे त्यांचा कान तेवढा दिसायचा. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की फिलूवर कुणाचं दडपण आहे का, तिचं आधी लग्न झालंय का, मुलाशी रक्ताचं नातं आहे का. मी प्रत्येकाला नाही म्हटलं.

"मग चर्चच्या लेखी हा अडथळा नाही, बाळ," ते म्हणाले.

मी तिथे गुडघ्यांवर होते. चार वर्षं आम्ही जे जगलो त्याला धर्मात जागा नाही हे मला ठाऊक होतंच. पण ते अडथळ्यातसुद्धा बसत नाही, पिणाऱ्या नवऱ्यासारखं तेही सोडून द्यायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

मग फादरांनी माझं विचारलं. जे झालं त्याचा पश्चात्ताप होतो का. मी म्हटलं, आईशी खोटं बोलले त्याचा होतो, अँथनीची पापलेटं खाल्ली त्याचा होतो, फिलूचा होत नाही. त्यांनी सुस्कारा सोडला. पश्चात्तापाशिवाय मला तुला पापमुक्ती देता येत नाही, म्हणाले. तू इथे खोटं बोलली नाहीस, मीही तुझ्याशी खोटं बोलत नाही. तुझ्यासाठी प्रार्थना करतो, म्हणाले. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस होतं आणि दोघांच्याही हातात काही नव्हतं.

पापमुक्ती नाही म्हणजे कम्युनियन नाही, वेदीपुढे मिळणारा भाकरीचा प्रसाद नाही. आता आमच्यासारख्या छोट्या चर्चमध्ये कुणाचं काय बिनसलंय हे कम्युनियनच्या रांगेवरून कळतं. बाक रिकामं होतं, सगळे वेदीकडे जातात, आणि जो बसून राहतो त्याच्या पायांवरून चढून लोकांना जावं लागतं. त्यातून मी वाचणारी, पहिल्या बाकावरची. मम्मीने रविवारी दुपारी विचारलंच. कम्युनियनच्या आधी तासभर पोटात काही जाता कामा नये असा नियम आहे, त्याचा आधार घेऊन मी म्हटलं, निघताना चहा प्यायले गो, तास भरला नव्हता. पुढच्या रविवारी मम्मीने सकाळचा चहाच केला नाही. दुधाचं भांडंही धुऊन पालथं घातलं. मग मी वाचन बघून घ्यायचं निमित्त करून लवकर निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कटिंग चहा मारला. माझ्यासारख्या मास्तरणीने पाप लपवायला चहा प्यावा, यावर आता हसू येतं. तेव्हा अर्धा ग्लास तसाच ठेवून निघाले.

ज्या रविवारी मी पहिल्यांदा बाकावर बसून राहिले त्याच रविवारी, म्हणजे दुसऱ्या पुकारेला, मी चुकले. नावं वाचली, पत्ते वाचले आणि अडथळ्याच्या वाक्यापाशी आले. कागदावर ते होतं. माझं तोंड उघडंच होतं. आणि मी कागदाची घडी केली. कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं, पण आमचे पास्कू अंकल, जे घंटा वाजवण्यापासून मेणबत्त्या विझवण्यापर्यंत सगळं बघायचे, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. मिस्सा संपताच ते फादरांकडे गेले. अर्धी पुकार ही पुकार नव्हे. ती धरता येणार नव्हती. फादरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की पुढच्या रविवारी पुन्हा दुसरी वाचू आणि झावळ्यांच्या रविवारी तिसरी. लग्नाची तारीख काही चुकत नाही. दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ का, असंही त्यांनी हळूच विचारलं. मी नको म्हटलं. दिलं असतं तर वाडीने कारण विचारलं असतं.

वाडीला मात्र विषय मिळाला. फिलूचं लग्न पक्कं व्हावं म्हणून लूसी चार वेळा पुकारतेय, असं जो तो म्हणायचा. दुसऱ्याच्या लग्नात हिलाच घाई. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे. मी हसायचे.

उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. त्या कापडांना इस्त्री करायचं काम वर्षानुवर्षं माझं आणि फिलूचं. वेदीमागच्या छोट्या खोलीत, शनिवारी दुपारी. कापडं वर्षभर पेटीत असल्यामुळे त्यांना डांबरगोळीचा वास, वर गरम इस्त्रीची वाफ, आणि फिलू जवळ आली की सागाचा वास. त्याच्या चार वर्षं आधी त्याच खोलीत, त्याच वासांत, तिने इस्त्री बाजूला ठेवून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. त्या शनिवारी आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो आणि कापडाची टोकं धरून घडी घालत होतो. घडी घालताना जवळ यावंच लागतं. टोकाला टोक लावायचं, देऊन टाकायचं, मागे सरायचं.

"मुद्दाम केलंस ना तू," फिलूने विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं की ते वाक्य तोंडातून निघालंच नाही.

"उद्या काढ. नीट वाच," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी वाचलं तर मला वाटत राहील की तू अजून थांबलीयस. तू थांबलीस तर मी जाऊ शकणार नाही रे."

ती मला लहानपणापासून रे म्हणायची. मी इस्त्री सरकवत राहिले. एका कापडाला डाग पडला, अजून आहे तो. डाव्या बाजूच्या मूर्तीवर ते कापड येतं.

मी वाचलं. त्या रविवारी वाचलं आणि झावळ्यांच्या रविवारीही वाचलं. शब्द न शब्द, शेवटच्या बाकापर्यंत. त्या शेवटच्या पुकारेला चर्च गच्च भरलं होतं, पोरं झावळ्यांनी एकमेकांना गुदगुल्या करत होती. अडथळ्याच्या वाक्यानंतर रीतीप्रमाणे जरा थांबायचं असतं. मी थांबले. कुणीतरी खोकलं. अँथनी त्या दिवशी त्याच्या आईला घेऊन आमच्याकडच्या मिस्साला आला होता, तो कौतुकाने माझ्याकडे बघत होता. त्याला फिलूने काही सांगितलं होतं का, ते मी तिला कधी विचारलं नाही. त्याचं काय, हा प्रश्न रात्री उलटसुलट करून पाहते आणि तसाच ठेवून देते. एवढ्या सगळ्या लोकांत, फादर सोडले तर, अडथळा ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो. एक कीबोर्डमागे बसली होती आणि एक माईकपुढे उभी होती.

फिलूच्या लग्नाला आता सात वर्षं होतील. दोन मुलं आहेत, वरळीला असते, सासू जीव लावते. उपवासकाळात एखाद्या शुक्रवारी मुलांना घेऊन माहेरी येते आणि आम्ही एकाच बाकावर बसून क्रुसाची वाट करतो. तिची मोठी मला लूसीआंटी म्हणते आणि माझ्या मांडीवर झोपते. मी अजून वाचते. ते म्हातारे फादर बदलून गेले, नंतरच्यांनी कुणी विचारलं नाही. कम्युनियनच्या वेळी मी अजून बसून असते. मम्मीने चहाचा विषय केव्हाच सोडला. रांगेतून परत आली की मला खेटून बसते आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. तिला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही.

मध्यंतरी एका नाताळाच्या तोंडावर रोमहून बातमी आली, की आमच्यासारख्यांनी जोडीने आशीर्वाद मागितला तर धर्मगुरू तो देऊ शकतात. लग्न नव्हे, विधी नव्हे, जाता जाता दिलेला एक छोटासा आशीर्वाद. मी ती बातमी वर्गाबाहेर उभी राहून मोबाईलवर चार वेळा वाचली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की तो जोडीने मागायचा आहे.

पण यंदा राख लागल्यापासून मला आठवतेय ती झावळ्यांच्या रविवारची सकाळ, तिसऱ्या पुकारेनंतरची. लोक पांगले होते. खाली आवारात अँथनीची आई मम्मीशी बोलत होती. मी वर कॉयरच्या माळ्यावर गेले कारण कीबोर्डची वायर गुंडाळायला फिलूला नेहमी दुसरं माणूस लागायचं. तिने कम्युनियन घेतलेली मी खालून पाहिली होती. तसं मी म्हटलंही.

"शुक्रवारी कन्फेशनला गेले होते," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. आपलं पण."

मी विचारलं, काय म्हणून सांगितलंस.

"पाप म्हणून," फिलू म्हणाली. "तिथे दुसरं काय म्हणून सांगतात?"

वायर माझ्या हातात होती. मी ती कोपरावरून गुंडाळत राहिले. मग फिलूने सांगितलं की फादरांनी तिला माफी दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून फक्त तीन नमो मरिया, मरियामातेच्या छोट्या प्रार्थना, म्हणायला सांगितल्या. चार वर्षांच्या तीन. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरालासुद्धा आमच्याकडे यापेक्षा जास्त मिळतात. मी तिला विचारलं, म्हटल्यास?

"दोन म्हटल्या. तिसरी म्हणवत नाही. दोन दिवस झाले, सुरू करते आणि थांबते." तिचे डोळे भरले होते. "ती म्हटली की संपलं ना. तू म्हण माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमणार."

नमो मरिया दोघांनी म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. एकाने अर्धी म्हणायची, दुसऱ्याने ती पुरी करायची. लहानपणी वाडीतल्या क्रुसापुढे मे महिन्यात आम्ही दोघी अशाच म्हणायचो. मला नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं असतं तर ते पाप माफ होऊनही तिच्याकडे अर्धं राहिलं असतं, थोडं तरी माझं राहिलं असतं. पण ती रडत होती, आणि तिला रडताना बघून मला कधीच काही नाकारता आलेलं नाही. खाली अँथनीची आई हाका मारत होती.

मी वायर खाली ठेवली, हात जोडले आणि माझी अर्धी म्हटली. सावकाश, स्वच्छ उच्चारात, जशी मी सगळं वाचते तशी. मग फिलूने तिची अर्धी म्हटली, डोळे पुसले आणि जिना उतरून गेली.